टॅकल बघताना बॉल सोड, बूट बघ

"बॉलला आधी पाय लागला होता, मग लाल कार्ड का?" नव्याने बघणाऱ्या सगळ्यांचाच इथे घोळ होतो रे. फुटबॉलमध्ये टॅकल करताना, म्हणजे समोरच्याकडून बॉल काढून घेताना, बॉल लागला म्हणून सुटका होत नाही. फाउलच्या नियम 12 प्रमाणे निष्काळजीपणाला नुसती फ्री किक, बेपर्वाईला पिवळं कार्ड म्हणजे ताकीद, आणि जादा ताकद लावून समोरच्याला धोक्यात घातलं तर लाल, म्हणजे थेट मैदानाबाहेर.

म्हणून बूट बघ. तळवा वर, स्टड (बुटाच्या तळाचे खुंट) पुढे, गुडघा ताठ, आणि समोरच्याचा पाय जमिनीत रोवलेला असेल तर घोट्याला सुटायला जागाच नसते. 23 फेब्रुवारी 2008 ला इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम क्लबच्या मार्टिन टेलरचा असाच टॅकल आर्सेनलच्या एदुआर्दोच्या डाव्या पायावर बसला. सामना जेमतेम तीन मिनिटं झाला होता. नडगीशेजारचं हाड मोडलं, घोटा निखळला. टेलरने मुद्दाम केलं असं मला आजही वाटत नाही, तो उशिरा पोहोचला. पण लाल कार्ड योग्यच होतं. एदुआर्दो जवळजवळ वर्षभराने परतला.

आणि स्लो मोशनवर भरवसा ठेवू नकोस. त्यात साधा धक्काही भयंकर दिसतो. बूट कुठे लागला ते हळू बघ, जोर किती होता ते मात्र नेहमीच्या वेगात. व्हीएआरवाले, म्हणजे व्हिडिओ बघून रेफरीला मदत करणारे पंच, तेही तसंच करतात.