बाळाला दात येताना : बाटल्या, टीदर आणि खुळखुळ्यांची स्वच्छता

सहा-सात महिन्यांचं बाळ हाताला लागेल ते तोंडात घालतं. त्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : बाळ सात महिन्यांचं आहे. बाटली रोज उकळते, तरी निपलच्या आत पिवळट थर दिसतो आणि आंबूस वास येतो. आणखी वेळ उकळू का? (सोलापूर)

उकळण्याची वेळ वाढवून फरक पडणार नाही. बदल करायचा तो घासण्यात. दूध पाजून झाल्यावर बाटली तशीच ओट्यावर राहिली की दुधातला स्निग्धांश आणि प्रथिनं निपलच्या आतल्या कडेला चिकटतात. तशीच ती उकळत्या पाण्यात टाकली तर हा थर शिजून पक्का बसतो आणि त्याच्याआड जंतूंना आसरा मिळतो.

म्हणून पाजून झाल्याबरोबर आधी गार पाण्याने खळबळून घ्या. मग सगळे भाग सुटे करा : बाटली, निपल, रिंग, टोपण, आणि काही बाटल्यांत पोटात हवा जाऊ नये म्हणून बसवलेली छोटी चकती. ही चकती काढायची राहून जाते आणि वास बहुतेक वेळा तिथूनच येतो. बेसिनमध्ये धुऊ नका. बाळाच्या भांड्यांसाठी वेगळं तसराळं आणि दोन वेगळे ब्रश ठेवा, बाटलीसाठी लांब आणि निपलसाठी बारीक. रोजची घासणी नकोच, तिच्यात तेल-तिखट तर असतंच, शिवाय सतत ओली राहिल्याने जंतूही भरपूर असतात. कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब पुरतात. निपल उलटं करून आतून घासा आणि शेवटी त्याच्या भोकातून स्वच्छ पाणी दाबून काढा.

आता उकळा. पातेल्याच्या तळाशी सुती कापडाची घडी ठेवली की प्लास्टिक तापलेल्या बुडाला टेकून वाकडं होत नाही. प्रत्येक भाग पूर्ण बुडाला पाहिजे, बाटलीत हवा अडकली तर तेवढा भाग पाण्याबाहेरच राहतो. खळखळून उकळी आल्यापासून १० मिनिटं मोजा. काचेची बाटली गार पाण्यात ठेवून मगच गॅस पेटवा, नाहीतर तडकते. कुकरच्या शिट्ट्या प्लास्टिकला देऊ नका, आतलं तापमान १०० अंशांच्या बरंच वर जातं.

बोअरच्या पाण्याने बसणारा पांढरा, खरखरीत थर मात्र वेगळा. तो क्षारांचा असतो, साबणाने निघत नाही. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात अर्धा तास भिजवा, मग नेहमीसारखं धुऊन उकळा.

एक सुचवावंसं वाटतं. बाळ आता वरचं खायला लागलं आहे, तर वरचं दूधही वाटी-चमच्याने देऊन पाहा. उघड्या वाटीत कुठे काही दडून राहत नाही.

प्रश्न : पावसाळ्यात काहीच वाळत नाही. डब्यात ठेवलेल्या टीदरवर (दात येताना चावायच्या खेळण्यावर) काळे ठिपके आले आहेत. उकळून वापरू का? (रत्नागिरी)

नको, टाकून द्या. ती बुरशी आहे. उकळल्याने ती मरेल, पण डाग सिलिकॉनमध्ये मुरलेले राहतात, आणि चिरेत काय उरलं आहे ते दिसत नाही.

दोष उकळण्याचा नाही, ओलं असताना डबा बंद करण्याचा आहे. उकळल्यावर चिमट्याने उचला, पाणी झटका आणि जाळीच्या टोपलीत उलटं ठेवून पंख्याखाली वाळू द्या. कापडाने पुसू नका, पावसाळ्यातला दमट पंचा पुन्हा जंतूच लावतो. पूर्ण वाळल्याशिवाय बाटली जोडू नका, टीदर डब्यात घालू नका. रात्रभरातही वाळलं नाही, तर वापरायच्या आधी पुन्हा उकळणं हाच उपाय.

प्रश्न : आमच्याकडे तीन टीदर आहेत. एक सिलिकॉनचा, एक आत पाणी भरलेला, एक दाबल्यावर वाजणारा रबराचा. सगळे एकत्र उकळले तर चालेल? (नाशिक)

फक्त सिलिकॉनचा एकसंध टीदर उकळा. पाणी भरलेला उकळला की सांधा सुटतो. तो कोमट साबणपाण्याने धुवा, गार करायचा तर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. फ्रीझरमध्ये गोठवलेला टीदर हिरड्यांना इजा करतो. थेंबभर जरी गळला तरी फेकून द्या.

वाजणाऱ्या रबरी खेळण्याकडे सगळ्यात जास्त लक्ष हवं. त्याच्या भोकातून लाळ आणि धुण्याचं पाणी आत जातं, बाहेर मात्र येत नाही, आणि आत बुरशी वाढते. ते पाण्यात कधीच बुडवू नका. साबणपाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा, मग साध्या ओल्या फडक्याने. दाबल्यावर काळपट पाणी किंवा कुबट वास आला तर ते खेळणं बाद.

तोंडात जाणारी साधी प्लास्टिकची खेळणी रोज साबणाने धुतली की पुरे, दरवेळी उकळण्याची गरज नाही. नवी घेताना आयएसआय चिन्ह बघा, १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे ते खेळण्यांवर सक्तीचं आहे.

प्रश्न : दात येताना जुलाब होतातच असं सासूबाई म्हणतात. मग एवढी धुलाई खरंच हवी का? (सांगली)

हवीच. दातांमुळे लाळ गळते, बाळ चिडचिडं होतं, हिरड्या सुजतात. जुलाब आणि जोराचा ताप दातांमुळे येत नाहीत. याच वयात आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरत असते, वरचं अन्न सुरू होतं आणि जमिनीवरची वस्तू थेट तोंडात जाते. जुलाब होतात ते यातून. सासूबाईंनी पाहिलेलं खोटं नाही, दोन्ही गोष्टी एकाच काळात घडतात, कारण मात्र वेगळं आहे.

हे कळणं फार महत्त्वाचं आहे, कारण ‘दाताचे जुलाब’ समजून थांबल्याने बाळाच्या अंगातलं पाणी कमी होत जातं. जुलाब सुरू झाले की अंगावरचं दूध चालू ठेवा, प्रत्येक जुलाबानंतर चमच्या-चमच्याने ओआरएस द्या आणि डॉक्टरांना दाखवा. शीतून रक्त, सहा तास लघवी नाही, डोळे खोल गेलेले, बाळ मलूल किंवा काहीच पीत नाही, यातलं एकही दिसलं तर रात्र असली तरी लगेच दवाखाना गाठा.

प्रश्न : चांदीचं बोंडलं (बाळाला दूध पाजायचं चोचीचं भांडं) आणि लाखेचा लाकडी खुळखुळा सॅनिटायझरने पुसला तर चालेल का? (ठाणे)

दोन्हींना नको. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, म्हणजे सॅनिटायझरने रंगाचा थर चिकट होऊन बाळाच्याच तोंडात जाईल. गरम पाण्यानेही लाख मऊ पडते. खुळखुळा साबणपाण्यात घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा, मग स्वच्छ ओल्या फडक्याने, आणि लगेच कोरडा करून सावलीत ठेवा. तडा किंवा टवका दिसला तर बाळाला देऊ नका.

बोंडलं बाटलीसारखंच : गार पाणी, साबण, १० मिनिटं उकळणं. चोचीत बारीक ब्रश आरपार फिरला पाहिजे, दूध तिथेच साठतं. चांदी काळी पडली तर भांडी उजळवायची पावडर लावू नका. पातेल्यात अॅल्युमिनियमची फॉइल पसरा, त्यावर बोंडलं ठेवा, एक चमचा खायचा सोडा घाला आणि बुडेल इतकं उकळतं पाणी ओता. पाच मिनिटांत काळेपणा निघतो. त्यानंतर साबणाने धुऊन पुन्हा एकदा उकळून घ्या.