तालुक्याच्या कॉलेजात राहून फोटॉनिक क्रिस्टल फायबरवर काम करता येईल का?

तुम्ही यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या कॉलेजात एम.एस्सी. भौतिकशास्त्र करताय, लॅबमध्ये हेलियम-निऑन लेसरपलीकडे काही नाही, आणि प्रोजेक्टला हा विषय घ्यावा का, असं विचारलंय. बिनधास्त घ्या. फोटॉनिक क्रिस्टल फायबर म्हणजे प्रकाश वाहून नेणारा, आत बारीक छिद्रांची मांडणी असलेला काचेचा तंतू. मी वाशीम जिल्ह्यात राहूनच याच विषयात पीएच.डी. केली आणि माझ्या विद्यार्थ्यांनाही आवर्जून हाच विषय देतो.

साध्या फायबरमध्ये गाभ्याच्या, म्हणजे प्रकाश ज्यातून जातो त्या मधल्या भागाच्या काचेत जर्मेनियम मिसळून अपवर्तनांक वाढवतात. इथे काच एकच. गाभ्याभोवती फायबरच्या टोकापासून टोकापर्यंत गेलेली बारीक छिद्रं असतात आणि त्यांच्यातल्या हवेमुळे भोवतालचा सरासरी अपवर्तनांक उतरतो. सिलिकाच्या केशनलिका तुराट्यांच्या पेंढीसारख्या रचतात, मधल्या नळीच्या जागी भरीव कांडी घालतात आणि २००० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून ओढतात. गठ्ठा केसाइतका बारीक होतो, तरी आतली षटकोनी मांडणी टिकते. फिलिप रसेल यांच्या गटाने साउथॅम्प्टनला असा पहिला फायबर ओढला, त्याचा पेपर १९९६ चा. नीट कापलेलं टोक मायक्रोस्कोपखाली एकदा तरी बघायला मिळावं: मधोमध उजेडाचा ठिपका आणि भोवती काळ्या छिद्रांच्या रांगा.

तुमचा सगळा खेळ दोन मापांवर आहे, छिद्राचा व्यास आणि शेजारच्या दोन छिद्रांच्या केंद्रांमधलं अंतर. व्यास भागिले अंतर हे साधारण ०.४ च्या खाली ठेवलं की कुठल्याही तरंगलांबीला एकच मोड, म्हणजे प्रकाश पुढे जाण्याचा एकच आकृतिबंध, चालतो. छिद्रं मोठी आणि गाभा लहान केला की शून्य डिस्पर्शनची जागा (डिस्पर्शन म्हणजे तरंगलांबीप्रमाणे वेग बदलल्याने स्पंद पसरणं; ते जिथे शून्य होतं ती तरंगलांबी) १.३ मायक्रॉनवरून थेट ०.८ मायक्रॉनच्या खाली सरकते. २००० साली बेल लॅब्सने याच युक्तीने ७५ सेंटीमीटर फायबरमधून लेसरच्या अतिलघु स्पंदांचा पांढरा प्रकाश केला. हॉल आणि हेन्श यांना २००५ चं नोबेल मिळालं त्यात ज्या फ्रीक्वेन्सी कोंबचा (प्रकाशाची वारंवारता अचूक मोजणारी, समान अंतरावरच्या वारंवारतांची जणू फणी) वाटा होता, तो याच फायबरमुळे सोपा झाला.

हे सगळं लॅपटॉपवर काढता येतं. अशा फायबरच्या रचनेसाठीची साइतो आणि कोशिबा यांची २००५ ची सूत्रं घ्या, सिलिकाचा अपवर्तनांक तरंगलांबीप्रमाणे सांगणारं सेलमायर समीकरण घ्या, पायथॉनमध्ये डिस्पर्शनचा आलेख काढा. एवढं लाइन गेली तरी बॅटरीवर चालतं. आधी एखाद्या छापील पेपरातला आलेख हुबेहूब जुळवा, मगच स्वतःची रचना. पुढे असे मोड काढणारं एमआयटीचं एमपीबी हे सॉफ्टवेअर फुकट आहे.

एका बाबतीत मात्र माझं मत ठाम आहे. छिद्रात सोन्याचा थर कल्पून अफाट संवेदनशीलता दाखवणारे सेन्सरचे पेपर ढिगाने निघतात, त्यातल्या कित्येक रचना कुणी कधी ओढणार नाही. तुम्ही साधीच रचना घ्या, पण छिद्राचा व्यास एक-दोन टक्के हलला तर शून्य डिस्पर्शन किती सरकतं ते काढा. ओढताना छिद्रं थोडीफार फुगतात किंवा आकसतात, त्यामुळे फायबर बनवणाऱ्याला हाच आकडा लागतो.

याचाच आणखी एक प्रकार म्हणजे पोकळ गाभ्याचा फायबर, त्यात मधे काचेऐवजी हवा असते. त्याचं गणित सुरुवातीला जड जातं. पण वाचत राहा, २०२५ मध्ये त्यात किलोमीटरला ०.०९१ डेसिबल इतका कमी ऱ्हास मोजला गेलाय, आणि प्रकाश हवेतून जात असल्याने काचेपेक्षा जवळजवळ दीडपट वेगाने धावतो.

कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेत असे फायबर प्रत्यक्ष ओढतात. आलेख हातात आले की तिथे उन्हाळी प्रशिक्षणासाठी लिहा. पत्रासोबत तो एक-दोन टक्क्यांचा तक्ता नक्की जोडा.