ड्राफ्टमध्ये चार वेळा पहिला नंबर मिळूनही ऑइलर्स दहा वर्षं तळाशी कसे राहिले?

प्रश्न असा आहे: "आम्ही नुकतेच कॅनडात एडमंटनला आलोय. ऑफिसात लोक ऑइलर्स या इथल्या आइस हॉकी टीमच्या दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या ड्राफ्टवरून अजून भांडतात. सगळ्यात वाईट टीमला सगळ्यात चांगला नवा खेळाडू मिळतो ना? मग चार वेळा पहिला नंबर मिळूनही ही टीम वर आली कशी नाही? चूक ड्राफ्टची, ट्रेडची म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीची, की मॅनेजमेंटची?"

मी २००९च्या डिसेंबरात इथे आलो. मूळचा कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची फुटबॉल मॅच असली की एकाच घरातली माणसं चार दिवस एकमेकांशी बोलत नाहीत, हे बघत मोठा झालोय. त्यामुळे इथल्या लोकांचं भांडण मला परकं वाटलं नाही. कामावर ज्याच्या गाडीतून जायचो तो माझा सहकारी, आजोबांच्या पिढीपासून इथला, युक्रेनियन वंशाचा. उणे तीस तापमानात सकाळी सहाला गाडीचा रेडिओ लावायचा आणि आदल्या रात्रीच्या हारीवर स्वतःच रेडिओपेक्षा मोठ्याने बोलायचा. हॉकी मला त्याने शिकवली. शिव्याही त्यानेच.

आपल्याकडच्या माणसाची पहिली गफलत होते ती ड्राफ्टला आयपीएलचा लिलाव समजण्यात. लिलावात तयार खेळाडू असतात, पैसे मोजले की घरी न्यायचे. एनएचएलच्या, म्हणजे इथल्या आइस हॉकी लीगच्या, ड्राफ्टमध्ये अठरा वर्षांची पोरं असतात, बारावीच्या वयाची. संघ आळीपाळीने एकेकाचं नाव घेतात, एकूण सात फेऱ्या. जो आधी नाव घेईल त्याच्याकडे त्या पोराचे हक्क. थोडक्यात, तुम्ही खेळाडू घेत नाही, पुढे पाच वर्षांनी तो कसा होईल यावर पैज लावता. त्यातून तळाच्या संघालाच पहिला नंबर, म्हणजे पहिलं नाव घ्यायचा मान, मिळेल असंही नाही. त्यासाठी लॉटरी काढतात, तळाच्या संघाच्या चिठ्ठ्या फक्त जास्त असतात.

दुसरी गोष्ट हिशेबाची. एका मॅचला गोल मारणारे १२ फॉरवर्ड, अडवणारे ६ डिफेन्समन आणि २ गोली म्हणजे गोलकीपर तयार होऊन बसतात. ६० मिनिटांच्या खेळात संघाचा सगळ्यात भारी फॉरवर्ड साधारण २० मिनिटं बर्फावर असतो. उरलेली ४० मिनिटं कोण खेळतं? ज्यांची नावं कुणी जर्सीवर छापून घेत नाही, ती माणसं. ऑइलर्सची सगळी शोकांतिका त्या ४० मिनिटांत घडली, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता घडलं काय ते थोडक्यात. २००६ला ऑइलर्स स्टॅन्ली कपच्या, म्हणजे लीगच्या विजेतेपदाच्या, फायनलला गेले आणि सातव्या मॅचमध्ये कॅरोलिनाकडून हरले. त्याच उन्हाळ्यात त्यांचा सगळ्यात मोठा डिफेन्समन ख्रिस प्रॉन्गर याने ट्रेड मागितला आणि तो अनाहाइमला गेला. तिथून सलग दहा हंगाम प्लेऑफ नाही. गुणतक्त्यात २००९-१० मध्ये ६२ गुण, पुढच्या हंगामात पुन्हा ६२, आणि मधे थोडं वरखाली होऊन २०१४-१५ मध्ये परत ६२. आमच्या गाडीत 'बासष्ट' हा आकडा शिवीसारखा वापरायचो.

पहिला नंबर मिळाला तो असा: २०१०ला टेलर हॉल, २०११ला रायन न्यूजंट-हॉपकिन्स, २०१२ला नेल याकुपोव, २०१५ला कॉनर मॅकडेव्हिड. चौघेही फॉरवर्ड. २०१२ला याकुपोवचं नाव घेतलं तेव्हा मी सोफ्यावरून उडी मारली होती. सहकाऱ्याने तेव्हाच फोनवर विचारलं, "गोल आणखी किती जण मारणार? अडवणार कोण?" मी त्याला वेड्यात काढलं. त्या वर्षीच्या यादीत याकुपोवच्या खाली मॉर्गन रायली, हॅम्पस लिंडहोम, जेकब ट्रूबा असे डिफेन्समन पहिल्या दहात गेले आणि तिघेही पुढे वर्षानुवर्षे मोठी मिनिटं खेळले. याकुपोवने पहिल्या, तोकड्या हंगामात ४८ सामन्यांत १७ गोल मारले. लॉस एंजेलिसविरुद्ध शेवटच्या पाच सेकंदांत बरोबरीचा गोल मारून तो गुडघ्यांवर अर्धं मैदान घसरत गेला, तेव्हा मला वाटलं मीच जिंकलो. चार वर्षांनी त्याला सेंट लुइसला देऊन टाकलं आणि २०१८नंतर तो एनएचएलमध्ये दिसला नाही.

पण याकुपोवला दोष देऊन सुटता येत नाही. हॉल खरोखर चांगला होता, न्यूजंट-हॉपकिन्स आजही संघात आहे. मुद्दा असा, की अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांना पाठीवर हात ठेवणारं कुणी नसताना थेट पहिल्या फळीत उभं केलं आणि वर दरवर्षी मास्तर बदलले. हॉलने सहा हंगामांत पाच प्रशिक्षक पाहिले. प्रत्येकाची पद्धत वेगळी. एकाने शिकवलं ते दुसऱ्याने पुसायचं. आपल्या शाळेत दरवर्षी गणिताचे सर बदलले की वर्गाचं काय होतं, तसंच.

मॅनेजमेंटबद्दल बोलायचं तर ऐंशीच्या दशकात जावं लागतं. १९८४ ते १९९० मध्ये या संघाने पाच कप जिंकले. १९८८च्या ऑगस्टमध्ये वेन ग्रेट्झकीला लॉस एंजेलिसला पाठवलं, ती जखम इथल्या म्हाताऱ्यांना अजून दुखते. पण त्या संघातली माणसं मात्र ऑफिसात राहिली. केविन लो पाचही कप जिंकलेला, तो जनरल मॅनेजर आणि नंतर अध्यक्ष झाला. क्रेग मॅकटॅविश त्याच संघातला, आधी प्रशिक्षक, मग २०१३ला जनरल मॅनेजर. मधे स्टीव्ह टॅम्बेलिनी होते, पण डोक्यावर लो होतेच. २०१३ला मॅकटॅविशला नेमलं त्या पत्रकार परिषदेत लो यांनी, जिंकण्यातलं आपल्याला थोडंफार कळतं, अशा अर्थाचं सुनावलं, तेव्हा गावभर आगडोंब उसळला. पंचवीस वर्षांपूर्वी मैदान मारलेला पैलवान उत्तम वस्ताद होईलच असं कुठे असतं? कोल्हापुरात हे शेंबडं पोरही सांगेल.

आणि इथे ड्राफ्टने उलटंच नुकसान केलं, असं मला वाटतं. दर जूनला नवं पोरगं यायचं, नवी जर्सी विकली जायची आणि 'आता बघाच' म्हणत सगळे आणखी एक वर्ष गप्प. ज्यांनी संघ तळाला नेला, त्यांनाच त्या तळाचं बक्षीस मिळायचं आणि खुर्ची टिकायची. २०१५ची लॉटरी तर कहर होती. सगळ्यात शेवटी होता बफेलो, त्यांची शक्यता २० टक्के. ऑइलर्सची ११.५. चिठ्ठी ऑइलर्सचीच निघाली आणि मॅकडेव्हिड आला. बाकीच्या देशाने बोटं मोडली. पुढच्या वर्षापासून पहिले तीनही नंबर लॉटरीने ठरायला लागले.

मॅकडेव्हिड आला त्या हंगामात तरी काय झालं? पोराने कॉलरबोन, म्हणजे गळ्याजवळचं हाड, मोडूनही ४५ सामन्यांत ४८ गुण केले (खेळाडूचे गुण म्हणजे त्याचे गोल आणि गोलला दिलेले पास मिळून), आणि संघ ७० गुणांवर, शेवटून दुसरा. तुमच्या प्रश्नाचं यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

ट्रेडचं भांडण वेगळं, आणि ऑफिसात ते काढायचं असेल तर जेवण झाल्यावर काढा. २९ जून २०१६ला पीटर शियारेली या नव्या जनरल मॅनेजरने टेलर हॉल न्यू जर्सीला दिला आणि बदल्यात डिफेन्समन अॅडम लार्सन घेतला. एकास एक, वर काही नाही. मी पार्किंगमध्ये उभा होतो. सहकाऱ्याने फोन वाचला, खिशात ठेवला, परत काढून वाचला. दोन वर्षांनी हॉलने ९३ गुण केले आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून हार्ट ट्रॉफी घेतली.

माझं मत इथे बहुतेकांना पटत नाही. लार्सन वाईट नव्हता. उलट तो आला त्याच हंगामात ऑइलर्सनी १०३ गुण केले आणि प्लेऑफचा दुष्काळ संपवला, अर्थात गोली कॅम टॅलबट ७३ सामने खेळला हेही विसरू नका. डिफेन्समन हवाच होता. पण तो २०१२ला हवा होता, २०१३ला हवा होता, आणि चार वर्षं ती जागा नीट न भरल्यावर अख्ख्या लीगला कळलं होतं की यांना गरज आहे. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. खरं तर अक्कल असली तरी भाव तोच लागतो.

ग्रिफिन राइनहार्टचा ट्रेड मात्र मला आजही समजावता येत नाही. मॅकडेव्हिड घेतला त्याच दिवशी ड्राफ्टमधला १६वा आणि ३३वा नंबर न्यूयॉर्क आयलँडर्स या संघाला देऊन राइनहार्ट आणला. पोरगा एडमंटनच्याच ज्युनियर संघातून खेळलेला, सगळ्यांच्या ओळखीचा. ओळखीचा म्हणून चांगला, हा घात. तो ऑइलर्ससाठी पन्नास सामनेही खेळला नाही. १६व्या नंबरवर आयलँडर्सनी मॅथ्यू बार्झल घेतला; २०१८चा सर्वोत्तम नवोदित तोच.

चाहत्यांचंही सांगायला हवं, नाहीतर सगळं खापर ऑफिसवर फुटेल. २०१४च्या जानेवारीत गोली बेन स्क्रिव्हन्सने सॅन होजेविरुद्ध ५९ फटके अडवून एकही गोल होऊ दिला नाही. नियमित हंगामातला तो विक्रम. दोन महिन्यांनी कॅल्गरीकडून, म्हणजे सख्ख्या वैऱ्याकडून, ८-१ने हरत असताना कुणीतरी आपली जर्सी बर्फावर फेकली. स्क्रिव्हन्सने ती स्टिकने उचलून परत प्रेक्षकांत भिरकावली. त्या रात्री मी जर्सी फेकणाऱ्याच्या बाजूने होतो. आज नाही.

आणि लिऑन ड्राइझाइटल. २०१४चा तिसरा नंबर. पहिल्या ३७ सामन्यांत ९ गुण, मग ज्युनियरला परत पाठवला. 'वाया गेला' म्हणणाऱ्यांत मी होतो, 'ट्रेड करा' म्हणणाऱ्यांतही. त्याने २०२०ला हार्ट ट्रॉफी घेतली. म्हणून आता कुणी विशीच्या आतल्या पोराबद्दल निकाल द्यायला लागलं की मी कॉफी आणायला उठतो.

तेव्हा चूक कुणाची? टक्के वाटायचे झाले तर मी मॅनेजमेंटला साठ देईन, त्यातले निम्मे फक्त प्रशिक्षक बदलण्याचे. ट्रेडला तीस. ड्राफ्टला दहा, आणि ते दहाही याकुपोवचे नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत ती ४० मिनिटं खेळणारी माणसं सापडली नाहीत, त्याचे. २०११लाच टॅम्पा बेने ५८व्या नंबरवर निकिता कुचेरोव उचलला होता. तिथे लॉटरी लागत नाही, नवे खेळाडू हेरणाऱ्या स्काउटला थंडीत गावोगावच्या रिंकवर उभं राहावं लागतं.

२०२४ आणि २०२५ला ऑइलर्स फायनलला गेले, दोन्ही वेळा फ्लोरिडाकडून हरले. तो सहकारी आता निवृत्त झालाय. दर जूनला ड्राफ्टच्या संध्याकाळी त्याचा एकच मेसेज येतो: "डिफेन्समन घेतला का?" हल्ली ऑइलर्सकडे बहुतेक वेळा पहिल्या फेरीचा नंबरच नसतो, ट्रेडमध्ये गेलेला असतो. हे मी त्याला कळवतो, आणि मग आमचं भांडण सुरू होतं.