आधी सांधा बघ, मग मॉन्टे कार्लो

अरे, कंपनाच्या मॉडेलवर मॉन्टे कार्लो (पॅरामीटरना यादृच्छिक किमती देऊन तेच गणित हजारो वेळा चालवणं) करताना सगळ्याच पॅरामीटरना सरसकट ५ टक्के अनिश्चितता लावून मोकळा होऊ नकोस. एका टोकाला जखडलेली पट्टी घे. लांबी १ टक्का चुकली तर नैसर्गिक वारंवारता (ठोकल्यावर पट्टी सेकंदाला किती वेळा थरथरते ती) जवळपास २ टक्के हलते. यंग मापांक (पदार्थाची ताठरता) तेवढाच चुकला तर जेमतेम अर्धा टक्का. शिवाय ते 'जखडणं' कागदावरच पक्कं. बोल्ट सोडून पुन्हा आवळ, ठोकून वारंवारता मोज, आकडा सरकलेला दिसेल. सांध्याच्या ताठरतेचा पसारा मोठा असतो, म्हणून तिला गाउसियन (घंटेच्या आकाराचं) वितरण देऊ नकोस. हजारांत एखादा नमुना ऋण निघतो नि सिम्युलेशन उडतं (मी दोन रात्री कोडमध्ये चूक शोधत बसलो होतो!). लॉगनॉर्मल किंवा गॅमा वितरण घे, त्यात ऋण आकडा येतच नाही. डॅम्पिंग (कंपन किती लवकर विरतं ते) मोजूनच घे. वरच्या मोडना (जास्त वारंवारतेच्या कंपन-आकारांना) मात्र नुसते पॅरामीटर हलवून भागत नाही. तिथे मॉडेलच तोकडं पडतं, ती अनिश्चितता वेगळी धर.