हॉकीपटू राणी रामपालकडे ऑलिम्पिक पदक नाही, मग तिला एवढं मोठं का मानतात?

पदकांच्या यादीत ऑलिम्पिकच्या रकान्यात राणीचं नाव नाही, हे खरं आहे. पण भारताच्या मुली टोकियो ऑलिम्पिकला पोहोचल्या कशा, ते आधी बघा.

१ आणि २ नोव्हेंबर २०१९, भुवनेश्वरचं कलिंगा स्टेडियम. अमेरिकेविरुद्ध लागोपाठ दोन सामने, आणि दोन्ही मिळून ज्याचे गोल जास्त तो संघ ऑलिम्पिकला. पहिला सामना आपण ५-१ जिंकलो होतो, त्यामुळे सगळे निर्धास्त. दुसऱ्या दिवशी मध्यंतरापर्यंतच अमेरिकेने चार गोल चढवले. एकूण ५-५! मी टीव्हीवर बघत होते आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये तर अक्षरशः बघवेना. अशा वेळी संघ बिथरतो, साधे पास चुकायला लागतात, चेंडू आपल्याकडे येऊच नये असं खेळाडूंना वाटतं. ४८व्या मिनिटाला डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, कर्णधार राणीला चेंडू मिळाला आणि तिने तो सरळ गोलमध्ये हाणला. ६-५. उरलेली १२ मिनिटं बचावफळीने जिवाच्या आकांताने काढली.

तो गोल झाला नसता तर पुढचं काहीच घडण्याची खात्री नव्हती. टोकियोत पहिले तिन्ही सामने हरलो. मग आयर्लंडला १-० आणि दक्षिण आफ्रिकेला ४-३ हरवलं, उपांत्यपूर्व फेरीत गुरजीत कौरच्या एकमेव गोलवर ऑस्ट्रेलियाला घरी पाठवलं. कांस्यपदकाच्या सामन्यात ब्रिटनकडून ३-४ हरलो, चौथे आलो. ऑलिम्पिकमध्ये भारतीय महिलांचं आजवरचं सर्वोत्तम स्थान चौथंच, १९८० मध्ये मॉस्कोत आणि मग टोकियोत. पात्रता किती कठीण असते ते जानेवारी २०२४ मध्ये रांचीला पुन्हा दिसलं. घरच्या मैदानावर जपानकडून ०-१ हरलो आणि पॅरिस ऑलिम्पिक हुकलं.

आता ती आली कुठून ते. हरियाणात कुरुक्षेत्र जिल्ह्यातलं शाहबाद मारकंडा. वडील गाडा ओढायचे, दिवसाला ८० रुपयांच्या आसपास मिळकत. तिथे बलदेव सिंग नावाचे अत्यंत कडक शिस्तीचे प्रशिक्षक मुलींना हॉकी शिकवायचे. त्यांनी आधी तिला परत पाठवलं, कारण पोरगी फार किरकोळ दिसत होती. मग ती मोडक्या स्टिकने, सलवार-कमीज घालून सराव करत राहिली. प्रत्येकीने रोज अर्धा लिटर दूध घरून आणायचं असा नियम होता. घरी परवडायचं २०० मिली. ती त्यात पाणी घालून न्यायची, कारण खेळायचं होतं. हे तिने स्वतः मुलाखतीत सांगितलंय. टोकियोच्या संघात राणी, नवज्योत आणि नवनीत अशा तिघी या एकाच गावच्या होत्या. एका गावात एक खमका प्रशिक्षक असला की काय होतं बघा! आपल्याकडेही फलटण तालुक्यातल्या अक्षता ढेकळे आणि वैष्णवी फाळके भारतीय संघापर्यंत गेल्या आहेत, त्यांचे सामनेही जरूर बघा.

राणी १४ व्या वर्षी भारताकडून खेळली. २०१० च्या विश्वचषकात, अर्जेंटिनातल्या रोसारिओला, १५ वर्षांची असताना तिने सात गोल केले आणि स्पर्धेतली सर्वोत्तम युवा खेळाडू ठरली. २०१३ ला ज्युनिअर विश्वचषकात भारताने पहिल्यांदाच पदक मिळवलं, इंग्लंडला शूटआउटमध्ये हरवून. त्यातही तिचा मोठा वाटा होता. शूटआउट म्हणजे खेळाडू एकटी चेंडू घेऊन निघते, समोर फक्त गोलकीपर, आणि हातात आठ सेकंद. बहुतेक जणी घाईत चेंडू गोलकीपरच्या अंगावर मारतात. राणी थांबायची. गोलकीपरला आधी एका बाजूला झुकू द्यायची आणि मग दुसरीकडून चेंडू काढायची. २०१७ चा आशिया चषक आपण चीनविरुद्ध असाच शूटआउटमध्ये जिंकलो, तेव्हाही ती कर्णधार होती. २०२० मध्ये तिला पद्मश्री आणि खेलरत्न दोन्ही मिळाले. पुरस्कारांचं एवढंच पुरे.

मला वाईट वाटतं ते शेवटाचं. टोकियोनंतर दुखापतीने तिला बाहेर बसवलं आणि २०२२ चा विश्वचषक गेला. जानेवारी २०२३ च्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यात ती परतली, गोलही केला, पण त्यानंतर संघात तिचं नाव आलं नाही. २५४ सामने खेळलेल्या खेळाडूला मैदानावर निरोपाचा एक सामना मिळायलाच हवा होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिने दिल्लीत निवृत्ती जाहीर केली आणि हॉकी इंडियाने तिची २८ नंबरची जर्सीही निवृत्त केली. मान मोठा आहे, पण मला त्या जर्सीत तिला अजून एकदा खेळताना बघायचं होतं.

त्यानंतर ती प्रशिक्षणात उतरली. महिलांच्या पहिल्या हॉकी इंडिया लीगमध्ये ती सूरमा क्लबच्या मुलींसोबत होती आणि तो संघ अंतिम फेरीपर्यंत गेला.