अधिवेशनाच्या आधी आघाड्या 'आम्ही हे मुद्दे उचलणार' असं जाहीर करतात, त्याला खरंच काही अर्थ असतो का? ठाणेकराने त्यात काय बघायचं?

अर्थ असतो, पण यादी वाचताना मुद्दे नंतर बघा, आधी तारीख बघा. ही यादी कधी जाहीर झाली आणि अधिवेशन कधी सुरू होतंय, या दोन तारखांमधलं अंतर मोजलं की अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

२०२५ च्या पावसाळी अधिवेशनाचंच घ्या. अधिवेशन २१ जुलैला सुरू झालं. इंडिया आघाडीची ऑनलाइन बैठक झाली १९ जुलैला, २४ पक्ष होते, आणि मुद्दे ठरले ते असे की पहलगामचा हल्ला, भारत-पाकिस्तान युद्ध मीच थांबवलं असं ट्रम्प सारखे सांगत होते ते, बिहारमधली मतदार यादीची फेरतपासणी म्हणजे एसआयआर, परराष्ट्र धोरण, मतदारसंघांची पुनर्रचना, दलित-आदिवासी-महिला-अल्पसंख्याकांवरचे अत्याचार, अहमदाबादचा विमान अपघात. मुद्दे सगळे वजनदार, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण लोकसभेत प्रश्न टाकायचा तर किमान १५ दिवस आधी नोटीस द्यावी लागते. म्हणजे १९ तारखेला जे ठरलं ते पहिल्या दोन आठवड्यांच्या प्रश्नोत्तराच्या तासात येणं शक्यच नव्हतं (एखाद्या खासदाराने स्वतःहून आधी नोटीस दिली असेल तर गोष्ट वेगळी). मग उरतं काय, तर स्थगन प्रस्ताव (म्हणजे ठरलेलं काम थांबवून तातडीच्या विषयावर चर्चा घ्या असा प्रस्ताव), चर्चेची मागणी, आणि चर्चा नाही दिली तर वेलमध्ये, म्हणजे अध्यक्षांच्या समोरच्या मोकळ्या जागेत, घोषणा. यादी दोन दिवस आधी आली की ती चर्चेसाठी असते, माहिती काढण्यासाठी नसते, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

आणि झालं पण तसंच. ऑपरेशन सिंदूरवर दोन्ही सभागृहांत मोठी चर्चा झाली, ती मिळाली. एसआयआरवर नाही मिळाली, त्यावरून दिवसच्या दिवस गेले. शेवटी लोकसभेचा हिशोब काय निघाला तर १२० तास ठरलेले, काम झालं ३७ तास. ४१९ तारांकित प्रश्न (ज्यांचं उत्तर मंत्र्याने सभागृहात तोंडी द्यायचं असतं) यादीत होते, त्यातल्या फक्त ५५ ची तोंडी उत्तरं झाली. हा आकडा अध्यक्षांनी स्वतः समारोपाला सांगितला. आता त्या उरलेल्या साडेतीनशेवर प्रश्नांत कोणाकोणाच्या गावचं पाणी असेल, कोणाची रेल्वे असेल, विचार करा. लेखी उत्तरं मिळतात त्यांची, पण मंत्र्याला उभं करून उलट प्रश्न विचारायची संधी गेली ती गेली.

फक्त विरोधकांना दोष देऊन मोकळं होता येत नाही. सरकारही आपली बिलांची यादी देतंच ना आधी. त्याच अधिवेशनात ऑनलाइन गेमिंगचं बिल २० ऑगस्टला लोकसभेत मांडलं, त्याच दिवशी पास, दुसऱ्या दिवशी राज्यसभेत पास आणि अधिवेशन संपलं. इतक्या घाईत कोण काय वाचणार आणि कोण काय सुचवणार.

पण यादीतला मुद्दा त्या अधिवेशनात आला नाही म्हणजे वाया गेला असंही नाही हां. एसआयआरचा विषय डिसेंबरच्या हिवाळी अधिवेशनात 'निवडणूक सुधारणा' या नावाने लोकसभेत चर्चेला आलाच, दोन दिवस. म्हणून मी एका अधिवेशनावर निकाल लावत नाही, पुढच्या अधिवेशनापर्यंत धीर धरतो.

आता ठाण्याचं. मी कळव्याला राहतो, नोकरी महापेला, म्हणजे रोज कळवा ते ठाणे आणि ठाण्याला उतरून दहा नंबरकडे धावत जाऊन ट्रान्सहार्बर, म्हणजे नवी मुंबईकडे जाणारी लोकल. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल एकमेकींच्या बाजूने गेल्या आणि दारात लटकलेली माणसं खाली पडली, चौघं त्याच दिवशी गेले. त्या दिवशी मी ऑफिसला पोचलो पण काम काही झालं नाही, कारण त्या दारात मी पण उभा असतो. अधिवेशनाच्या तारखा तर सरकारने ४ जूनलाच सांगितल्या होत्या. म्हणजे अपघातानंतर सहा आठवडे सगळ्या पक्षांच्या हातात होते. बातम्यांत आलेल्या यादीत मी मुंब्रा शोधत होतो, अहमदाबाद दिसलं, मुंब्रा नाही दिसलं. विमानातली माणसं आणि लोकलमधली माणसं यात मला तुलना करायची नाही, जीव तो जीव. पण रेल्वे पूर्णपणे केंद्राची आहे, संसदेशिवाय दुसरं दार नाही आपल्याला, मग हा विषय कोणीतरी वरच्या पाचांत ठेवायलाच हवा होता असं मला मनापासून वाटतं.

म्हणून ठाणेकराने पहिली चाळणी ही लावायची की हे काम केंद्राचं आहे का. घोडबंदरचं ट्रॅफिक, सोसायटीचं पाणी, फेरीवाले हे खासदाराने कितीही ओरडून सांगितलं तरी दिल्लीत सुटणार नाही, ते मनपा आणि मंत्रालय. पण लोकल केंद्राची. नवी मुंबई विमानतळाला दि. बा. पाटलांचं नाव द्यायचं तर राज्याने २०२२ मध्येच विधिमंडळात ठराव केलाय, नावावर शिक्का केंद्राचा लागतो, आणि दि. बा. स्वतः लोकसभेत बसलेले माणूस होते, तर हा विषय तिथे पुन्हा पुन्हा यायलाच हवा. ऐरोली-कळवा उन्नत मार्ग पण तसाच. २०१६ च्या डिसेंबरात एमयूटीपी-३ मध्ये (मुंबईच्या लोकल रेल्वेच्या विस्ताराचा प्रकल्प) मंजूर झाला. त्यातलं दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं, पण कळव्याहून सरळ ऐरोलीला जाणारी जोडणी झाली तर कल्याण-डोंबिवलीकडच्या माणसाला वाशीला जाण्यासाठी ठाण्याला उतरायचंच कारण नाही. ठाण्याच्या पुलावरची सकाळची गर्दी ज्याने पाहिलीय त्याला मी काय म्हणतोय ते कळेल.

दुसरी चाळणी म्हणजे मुद्दा कुठल्या मार्गाने मांडणार ते. शून्य प्रहरात (प्रश्नोत्तराच्या तासानंतर तातडीचे विषय मांडायची वेळ) बोललं की सोशल मीडियावर टाकायला रील छान बनते, पण मंत्र्यावर तिथे उत्तर द्यायचं बंधन नाही. लोकसभेच्या नियम ३७७ खाली, म्हणजे लेखी सूचना देऊन मांडलं तर लेखी उत्तर यायची तरी आशा असते. अतारांकित प्रश्न दिवसाला २३० लागतात आणि त्यांचं उत्तर छापील असतं, कायमचं. तारांकित फक्त २०, ते पण लॉटरीने. खासगी विधेयकाचं (मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेल्या) कौतुक करायला हरकत नाही, पण १९७० नंतर एकही दोन्ही सभागृहांतून पास झालेलं नाही हे लक्षात ठेवा.

हे सगळं मला आधी माहीत नव्हतं. आम्ही रोजचे चार डबेवाले (एकाच डब्यात चढणारे म्हणून) एका रविवारी खासदारांच्या ऑफिसात पत्र घेऊन गेलो. अडीच पानी पत्र, सगळी व्यथा त्यात. तिथल्या पीएने शांतपणे वाचलं आणि म्हणाला, काका, पत्र चांगलंय पण अधिवेशन पुढच्या आठवड्यात आहे, नोटिशीची मुदत गेली. आणि प्रश्न दीडशे शब्दांत बसवा, यात प्रश्न कुठेय, सगळी तक्रारच आहे. वाईट वाटलं, पण तो बरोबर बोलत होता. मग त्यानेच एका जुन्या प्रश्नाचा कागद काढून दाखवला, वर मंत्र्याचं पद, खाली तीन-चार पोटप्रश्न, एकही विशेषण नाही. पुढच्या अधिवेशनाला आम्ही महिनाभर आधी गेलो. आमचा प्रश्न तारांकितात लागला नाही, अतारांकितात लागला, उत्तर दोन परिच्छेदांचं. त्याची प्रिंट मी बिल्डिंगच्या नोटीस बोर्डावर लावली, लिफ्टची वाट बघत लोक उभं राहून वाचत होते. त्यात आश्वासन काही नव्हतं, पण काम कुठल्या टप्प्यावर अडलंय हे सरकारच्या तोंडून लेखी आलं होतं. आतापर्यंत आम्ही नुसते अंदाज बांधत होतो.

ठाण्याला याची परंपरा पण आहे बरं का. रामभाऊ म्हाळगी इथून खासदार होते तेव्हा वर्षभरात काय केलं याचा छापील अहवाल मतदारांना द्यायचे. आजच्या आघाड्यांनी अधिवेशन संपल्यावर तसा एक कागद काढावा, यादीतले किती मुद्दे कुठल्या नियमाखाली मांडले आणि काय उत्तर आलं, एवढंच. पक्ष कुठलाही असो, मी त्याला मान देईन.

तर तुम्ही ठाण्याचे असाल तर यादीची वाट बघू नका, तारखा आल्या की लगेच आपल्या खासदाराकडे जा. आमचा पुढचा मसुदा खाली देतोय, पाहिजे तर हाच वापरा, स्टेशनाचं नाव बदला:

रेल्वेमंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय: (१) मुंबई उपनगरी मार्गावरच्या बिगर-एसी लोकलना आपोआप बंद होणारे दरवाजे बसवण्याचं काम कुठल्या टप्प्यात आहे, (२) असे किती रेक सध्या धावत आहेत, (३) मुंब्र्याच्या वळणावर ९ जून २०२५ नंतर रुळांत वा वेगात कोणते बदल केले, (४) ऐरोली-कळवा उन्नत मार्ग पूर्ण होण्याची सुधारित तारीख कोणती, (५) तारीख ठरली नसल्यास त्याची कारणे काय?