माणूसघाणा नक्की कुणाला म्हणायचं?

तुझ्या कथेतले काका लग्नकार्यं टाळतात, गच्चीत एकटे बसतात, आणि तू त्यांना 'माणूसघाणे' म्हटलं आहेस. मी तिथे 'एकलकोंडे' लिहिलं असतं. एकलकोंड्याचा माणसांवर राग नसतो, त्याला एकटेपण आवडतं एवढंच. माणूसघाण्याला माणसंच नकोशी होतात. दारात कुणी उभं राहिलं की त्याच्या कपाळाला आठी पडते. शब्दातली 'घाण' म्हणजे हीच किळस, म्हणून तो जपून वापर. विशेषतः अबोल, भिडस्त मुलांना तो चिकटवू नकोस. लहानपणी मला तो चिकटला होता आणि फार लागला होता.

रूपं सोपी आहेत: माणूसघाणी बाई, माणूसघाण्या स्वभावामुळे. भाववाचक नाम माणूसघाणेपणा.

'मानवद्वेष्टा' वेगळा. ग्रीक 'मिसोस' म्हणजे द्वेष आणि 'आन्थ्रोपोस' म्हणजे माणूस. त्यांवरून आलेल्या इंग्रजी 'मिसअँथ्रोप'चं भाषांतर करताना, अख्ख्या मानवजातीबद्दलचा तिरस्कार मांडायचा असेल, तेव्हा तोच नेमका बसतो. संवादात मात्र घालू नकोस. तुझ्या कथेतली आजी 'मेला माणूसघाणा!' असंच म्हणेल.